मखमलीतला लांडगा

पडदे शिवणाऱ्या त्या कारखान्यात लांडगे तीन होते आणि तिन्ही मास्तरांनी आणलेले.

पहिला भिंतीवरच्या खुंटीला टांगलेला असे. काळ्या मखमलीचा, डोळ्यांपुरता, मागे दोन नाड्या असलेला मुखवटा. नाटकात ज्याला आपली ओळख लपवायची असते त्याच्यासाठी. दुसरा मागच्या खोलीत बसलेला, लोखंडी दातांचं एक धूड. त्याच्या तोंडात गठ्ठ्याने आलेली लोकर घातली की तो ती फाडून, विस्कटून, मोकळी करून दुसऱ्या बाजूने बाहेर टाकी. आणि तिसरा एरवी कुणाला दिसत नसे. दिसला की सगळ्यांचे चेहरे उतरत. तो म्हणजे कामात राहिलेला दोष.

कारखान्याचे मालक म्हणजे मास्तर. ते तरुणपणी परदेशात, नाटकांचे पडदे आणि पोशाख शिवणाऱ्या एका फ्रेंच बाईंच्या हाताखाली शिकले होते. त्यांना सगळे मादाम म्हणत. फ्रेंचमध्ये लांडग्याला लू म्हणतात. पण त्या मंडळींच्या तोंडी मुखवटाही लू, लोकर फाडणारं यंत्रही लू आणि हातून बिघडलेलं कामही लू. एवढ्या सगळ्या गोष्टी एका जनावराच्या गळ्यात का अडकवल्या, ते मादामनाही सांगता आलं नाही. मास्तर परत आले ते कात्र्या, साचे आणि हे शब्द बरोबर घेऊन. इथल्या लोकांनी महिनाभर लू म्हणून पाहिलं. मग पडद्यांना कड्या लावणारे म्हातारे कडीकाका म्हणाले, "मास्तर, हे तोंडातल्या तोंडात विरघळतं हो. लांडगा म्हटलं तर निदान चावल्यासारखं वाटतं." तेव्हापासून लांडगाच.

शब्दाबरोबर मादामची रीतही आली होती. काम चुकलं असेल आणि माल दाराबाहेर पडायच्या आत ज्याचं त्याने चारचौघांत "माझा लांडगा" म्हणून सांगितलं, तर विषय तिथेच मिटायचा. मास्तर आवाज चढवत नसत. उसवायचं, पुन्हा शिवायचं, मधे सगळ्यांनी चहा घ्यायचा. पण लांडगा न सांगता दाराबाहेर गेला आणि गिऱ्हाइकाने पकडून परत आणला, तर ज्याचा असेल त्याने सहा महिने आपली जागा सोडून कड्यांच्या बाकावर बसायचं. कडीकाकांना हे कधीच आवडलं नाही. "म्हणजे मी जन्मभर कसली शिक्षा भोगतोय ते तरी सांगा," असं ते दर वेळी विचारत.

ताई त्या कारखान्यात सव्वीस वर्षं कापणीच्या टेबलाशी होत्या. सव्वीस वर्षांत त्यांच्या नावावर एकही लांडगा नव्हता. हे त्या स्वतः कधी म्हणत नसत, पण दुसरं कुणी म्हटलं तर गप्प बसून ऐकत.

गप्प बसणं त्यांना तसंही नवीन नव्हतं. नवरा गेला त्या वर्षापासून त्यांनी नेम धरला होता. सकाळी उठल्यापासून दहा वाजेपर्यंत मौन. अंघोळ, दिवा, हात जोडणं, घरातली कामं, कारखान्यापर्यंतची चाल, कारखान्यातला पहिला तास, सगळं मुक्याने. दीर चेष्टा करायचा, "सकाळी वहिनींशी भांडायची सोय नाही." कारखान्यात त्यांच्या हातांच्या खुणा सगळ्यांना पाठ झाल्या होत्या. दोन बोटं म्हणजे कात्री, मूठ म्हणजे इस्त्री, तळहात म्हणजे थांब.

तळहातावर त्यांचं सगळं कामच होतं. मखमलीला लव असते. एका दिशेने हात फिरवला तर ती लोण्यासारखी वाटते, उलट फिरवला तर बोटांना अडते. मोठा पडदा अनेक उभे पट्टे जोडून होतो आणि प्रत्येक पट्ट्याची लव एकाच दिशेला, खालून वर जाणारी हवी, म्हणजे वरून खाली हात फिरवला की तो अडायला हवा. एखादा उलटा लागला तर साध्या उजेडात कळत नाही, पण दिवे पेटले की तेवढाच फिका दिसतो. म्हणून कापणाऱ्याने आधी हात फिरवायचा, लव कुठे जाते ते बघायचं, आणि कापडाच्या पाठीवर खडूने वरच्या दिशेचा बाण काढायचा. शिवणारीने तो बाण बघून पट्टे जोडायचे. शिवणारीला लव तपासायची गरज नाही. बाण म्हणजे कापणाऱ्याचा शब्द.

शिवायला बसायची ती त्यांची धाकटी जाऊ. सहा वर्षांपूर्वी ताईंनीच तिला कारखान्यात आणलं होतं. सुई कशी धरायची इथपासून शिकवलं. आता तिचं मशीन असं चाले की मास्तर म्हणत, माझ्यामागे हा कारखाना दोघी जावा सांभाळतील, मी खुशाल मरतो. त्यावर धाकटी म्हणे, "आधी माझ्या मशीनचा पट्टा बदला, मग मरा."

मोठ्या नाटकघराचा पडदा आला तो गडद लाल मखमलीचा, सात पट्ट्यांचा. नाटकघराचे व्यवस्थापक एका सकाळी काम बघायला आले, तेव्हा ताई चौथा पट्टा पसरत होत्या. साडेनऊ वाजले होते.

"या बाईंबद्दल ऐकलंय," व्यवस्थापक मास्तरांना म्हणाले. "हात न लावता नुसत्या नजरेने लव ओळखतात म्हणे."

खरं तर असं कधी घडलं नव्हतं. कडीकाकांनी कुठेतरी मारलेली थाप फिरत फिरत त्या गृहस्थांपर्यंत गेली असावी. ताईंनी मान हलवून नाही म्हणायला हवं होतं, त्याला काही बोलावं लागत नाही. पण ते गृहस्थ कौतुकाने बघत होते, मास्तर बघत होते, आणि ताईंना वाटलं, सव्वीस वर्षं झाली, दिसतंच की आपल्याला. त्या किंचित हसल्या. लवेवरून हात न फिरवताच त्यांनी कापड उलटलं आणि बाण काढला. व्यवस्थापकांनी दोन टाळ्या वाजवल्या.

पडदा शिवून झाला, अस्तर लागलं, कड्या लागल्या. माल जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास, खालून अस्तर उचलून ताई पाठीवरचे बाण ब्रशने झटकत होत्या. हेही कापणाऱ्याचंच काम, खडू राहिला तर कपड्यांना लागतो. पहिला झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. चौथ्याशी कापड सरळ करायला म्हणून त्यांनी समोरून हात खाली घेतला आणि हात लोण्यासारखा गेला. अडला नाही.

त्यांनी तिसऱ्यावर हात फिरवला. अडला. पाचव्यावर फिरवला. अडला. पुन्हा चौथ्यावर आल्या. मग अस्तर उचलून मागचा बाण पाहिला. तो इतर सहांसारखाच वर तोंड करून उभा होता. धाकटीने बाणाप्रमाणे जोडलं होतं. बाणच खोटा होता.

बाकीचे सगळे पुढच्या खोलीत चहा घेत होते. फार तर दहा पावलं. कडीकाका आपल्या मेहुण्याचा किस्सा सांगत होते, धाकटी हसत होती. उठून दारात जायचं आणि दोन शब्द बोलायचे, एवढंच काम होतं. सगळ्यांनी मिळून दोन शिवणी उसवल्या असत्या, पट्टा फिरवून आठपर्यंत पुन्हा घातल्या असत्या, आणि उद्या सकाळी कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं. ताई उभ्या राहिल्या. त्यांना टाळ्या ऐकू आल्या. व्यवस्थापकांसमोर नाटक केलं, हात लावला नाही, हेही मग सांगावं लागणार होतं.

त्यांनी ब्रश उचलला आणि बाण झटकला. खडू झटकणं त्यांचंच काम होतं. त्यांनी त्यांचं काम केलं. असं त्या मनाशी म्हणाल्या आणि पाचव्या पट्ट्याकडे वळल्या.

तिसऱ्या दिवशी पडदा परत आला. व्यवस्थापक भला माणूस, रागावले नाहीत. म्हणाले, दिवे लावले की मधोमध एक फिका पट्टा दिसतो, जणू कुणी दार उघडं टाकून गेलंय. ते गेल्यावर मास्तरांनी पडदा जमिनीवर पसरायला लावला, गुडघ्यांवर बसून एका टोकापासून हात फिरवत गेले आणि चौथ्यापाशी थांबले.

सव्वानऊ झाले होते.

"कुणाचा लांडगा?" त्यांनी विचारलं.

सगळे वाकून चौथ्या पट्ट्याकडे बघू लागले.

"कापायला ताई, जोडायला धाकटी. तिसरं कुणी नाही," मास्तर म्हणाले आणि त्यांनी ताईंकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, संशयाने नव्हे.

"ताईंचं मौन आहे," कडीकाका मधेच म्हणाले. "अजून पाऊण तास आहे. आणि त्यांना काय विचारायचं मास्तर? उद्या सूर्याला विचाराल, बाबा कुठून उगवलास."

एकदोघे हसले. ताईंचे ओठ मिटलेले होते. त्यांना फक्त मान हलवायची होती, किंवा आपल्या छातीवर हात ठेवायचा होता. त्यांच्या खुणा तिथे प्रत्येकाला कळत. पण मौन आहे असं दुसऱ्याने म्हटलं होतं, आणि त्या शब्दाच्या मागे जागा होती, एक माणूस सहज उभा राहील एवढी. ताई त्या जागेत जाऊन उभ्या राहिल्या.

"मी बाण बघूनच जोडले होते," धाकटी म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "निदान मला तसं वाटतंय. पण ताईंचा बाण चुकत नाही. म्हणजे पट्टा माझ्याच हातून फिरला असणार." ती पडद्यापाशी पुढे आली. "माझा लांडगा."

दहाचे ठोके पडले तेव्हा सगळे आपापल्या कामाला लागले होते. ताईंनी तोंड उघडलं. पहिला शब्द आपोआप खरा निघेल असं त्यांना वाटलं होतं.

"खिडकी उघडा जरा," त्या म्हणाल्या. "कोंदटलंय."

आपण खोटं बोललो नाही, हे त्या दिवसभर स्वतःला सांगत राहिल्या. आणि ते खरंच होतं. एक अक्षर खोटं बोलल्या नव्हत्या.

धाकटी कड्यांच्या बाकावर गेली. टांगल्यावर वजनाने चौथा पट्टा ताणला गेला होता, तो आता नुसता फिरवून चालणार नव्हतं. त्या रंगाची मखमल पुन्हा मिळायला तीन आठवडे लागणार होते, तोवर पडदा घडी घालून मागच्या खोलीत पडला होता. पहिले काही दिवस कडीकाकांनी तिला हसवायचा प्रयत्न केला. "इथे काही वाईट नाही गं. ऊन येतं, माझ्यासारखा देखणा शेजार आहे." ती हसायची, पण हात थांबवून कडीकडे बघत बसायची. कडी उजवीकडून घालायची की डावीकडून, असं दोन-दोनदा विचारायची. सहा वर्षांत हिने कुणाला काही दोनदा विचारलं नव्हतं.

घरी ते जास्त दिसे. ताईंना एकदा ती आतल्या खोलीत डोळे मिटून टॉवेलवर हात फिरवताना दिसली. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने.

"काय करतेस गं?"

"काही नाही. कळतंय का बघते."

पुढच्या आठवड्यात ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. दिराने विचारलं, "काय म्हणाले? चष्मा?"

"डोळे उत्तम आहेत म्हणे." ती पिशवी खुंटीला अडकवत म्हणाली. "म्हणजे मग डोकंच."

दीर हसला. ताईंनी ताट बाजूला सारलं. त्या उठल्या आणि सगळी भांडी घासून टाकली, धाकटीची पाळी असताना. हे आता रोजचंच झालं होतं. धाकटीची भांडी, धाकटीचे कपडे, धाकटीला आधी गरम पाणी. धाकटी म्हणायची, "ताई, तुम्ही आहात म्हणून मी उभी आहे. दुसरी जाऊ असती तर उठता-बसता टोमणे मारले असते." ताई ऐकत आणि भांडं जास्त जोरात घासत.

त्यांनी मौन वाढवलं. दहाऐवजी बारापर्यंत. प्रायश्चित्त म्हणून. कारखान्यात सगळ्यांचा त्यांच्याबद्दलचा आदर आणखी वाढला. मास्तर नव्या पोरींना सांगू लागले, बघा, जावेवर वेळ आली तर बाईंनी नेम कडक केला. ताईंना हळूहळू कळायला लागलं होतं की यात बोलायची वेळ दोन तासांनी कमी झाली, एवढंच झालंय.

आणि सकाळी दिव्यासमोर बसणं त्यांना नकोसं झालं. पूर्वी तिथे बसल्यावर आत निवांत होत असे. आता आत सारखं कुणीतरी बोलत होतं. तुला विचारलं होतं. तुला नाव घेऊन विचारलं होतं. तू देवाला पुढे केलंस आणि त्याच्या पाठीमागे लपलीस. ताई डोळे मिटून घेत आणि त्यांना दिवा दिसेनासा होई, खुंटीवरचा तो काळा, डोळ्यांपुरता मुखवटा दिसे. तो बांधायला निदान नाड्या लागतात, आपल्याला त्याही लागल्या नाहीत.

एका संध्याकाळी धाकटी भाजी निवडताना सहज म्हणाली, "मी काम सोडायचं म्हणते. भावाच्या दुकानात बसेन. सुया-बटणं विकायला डोकं लागत नाही."

"मास्तरांना बोललीस?"

"बोलले. नको म्हणाले, पण फार जोरात नाही. नवी मुलगी बघितलीय त्यांनी मशीनवर. सोमवारी येईल." तिने एक जुडी बाजूला सारली. "बरंच झालं. मशीनसमोर बसायची मला आता भीतीच वाटते ताई. कापड हातात घेतलं की वाटतं, उलटं तर नाही?"

ताई तिथेच सांगणार होत्या. तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात दीर आला, पाणी मागितलं, आणि ते मागे गेलं.

शनिवारी मखमल आली. मास्तर ताईंच्या टेबलाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "उद्या सुट्टी आहे. तुम्ही एकट्याच येऊन चौथा पट्टा उसवा आणि नवा कापून ठेवा. धाकटीला त्या पडद्याजवळ नको, उगाच डोळ्यांत पाणी आणेल."

तेव्हा ताईंना ती खूण आठवली. बाण काढताना कापणारा पट्ट्याच्या अगदी वरच्या काठाशीही खडूची एक फुली करतो, डोकं इकडे म्हणून. त्या काठावर मग जाड पट्टी शिवली जाते, जिच्यात कड्या बसतात. फुली त्या पट्टीखाली झाकली जाते. ब्रश तिथे पोचत नाही. म्हणजे चौथ्या पट्ट्याची फुली अजून जागेवर होती. पट्टी उसवली की कुणालाही दिसलं असतं की कापणाऱ्यानेच या टोकाला डोकं म्हटलं होतं. आणि उसवायला मास्तर त्यांनाच सांगत होते. एकटीला.

पहिल्यांदा त्यांना हायसं वाटलं. ते त्यांना नंतर कित्येक दिवस पुसता आलं नाही. सुटले, असा एक श्वास बाहेर पडला होता आणि तो त्यांचाच होता.

"सोमवारी करू मास्तर," त्या म्हणाल्या. "सगळे असताना."

रविवार कसा गेला ते त्यांना सांगता आलं नसतं. सोमवारी पहाटे त्या दिव्यासमोर बसल्या आणि फार वेळ बसल्या नाहीत. आज हे मी दहाच्या आधी बोलणार आहे, एवढंच त्यांनी देवाला सांगितलं. ज्या वेळेला विचारलं होतं त्याच वेळेला. मग तू माझं काय करायचं ते कर.

कारखान्यात पडदा पसरलेला होता. नवी मुलगी मशीनजवळ संकोचून उभी होती, धाकटी आपल्या खणातल्या वस्तू पिशवीत भरत होती. ताई आत आल्या, चप्पल काढली आणि घड्याळाकडे न बघता म्हणाल्या, "मास्तर, लांडगा माझा आहे."

त्यांचा आवाज त्या वेळेला तिथे कुणी कधी ऐकला नव्हता. घोगरा होता. कडीकाकांच्या हातातली कडी खाली पडली आणि गडगडत भिंतीपर्यंत गेली.

"बाण मी उलटा काढला होता. हिने बरोबर जोडलं."

मास्तरांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. मग त्यांनी जे केलं ते ताईंच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

"ताई," ते म्हणाले, "जावेसाठी मौन मोडलंत. आमच्या मादाम फार खूश झाल्या की एखाद्याच्या गालाला हात लावून म्हणायच्या, मों पेती लू. माझं लांडग्याचं पिल्लू. तिकडे लाडाने लेकरालाही तसंच म्हणतात. आज त्या असत्या तर तुम्हाला म्हणाल्या असत्या."

"मास्तर, मी खरं सांगतेय."

"हो हो."

"व्यवस्थापक आले होते त्या दिवशी. मी हात लावला नाही. नुसतं बघून बाण काढला, त्यांना दाखवायला."

"असं रचून सांगायला मलाही जमतं," कडीकाका खालच्या मानेने म्हणाले, पण मायेने. "चांगलं माणूस खोटं बोलायला लागलं की लगेच कळतं हो ताई. सवय नसते ना."

धाकटी जवळ आली होती. तिने ताईंचा हात धरला. "कशाला असं करता? माझं झालंय ठरवून. तुमचं नाव कशाला खराब करायचं?" आणि तिने तो हात आपल्या कपाळाला लावला.

सव्वीस वर्षं त्यांनी जे नाव जपलं होतं ते आता भिंतीसारखं समोर उभं होतं. खरं त्याच्यावर आपटून परत येत होतं. आणि त्याच क्षणी ताईंना हेही दिसलं की इथे थांबता येईल. आपण सांगितलं, चारचौघांत सांगितलं, यांनी मानलं नाही त्याला आपण काय करणार? देवासमोर बसून तसं म्हणताही येईल. धाकटी आपला हात आयुष्यभर असाच कपाळाला लावील.

त्यांनी हात सोडवून घेतला. टेबलावरचं उसवणं उचललं, ते टोकदार, चिमुकल्या पात्याचं, आणि धाकटीच्या मुठीत दिलं.

"चौथ्या पट्ट्याची वरची पट्टी उसव."

"ताई, राहू दे ना आता."

"मी नाही उसवणार. परवा मास्तरांनी मला एकटीला उसवायला सांगितलं तेव्हा माझ्या मनात काय आलं ते मला माहीत आहे. तू उसव."

धाकटी बसली. तिला वाटलं असावं, वडील माणसाची समजूत म्हणून दोन टाके काढावेत. तिने दोन काढले, मग चार, मग वीतभर पट्टी उचलली आणि वाकून पाहिलं. तिचं वाकलेलं डोकं बराच वेळ वर आलं नाही. तिने बोटाने खडूची फुली चाचपली. मग पडदा सरळ करून चौथ्यावर हात फिरवला. तिसऱ्यावर फिरवला. पाचव्यावर. सावकाश, वरून खाली, जसा ती घरी टॉवेलवर फिरवत असे. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी जागेवर येत होतं आणि त्याच वेळी दुसरं काहीतरी जात होतं.

"खालचा बाण?" तिने विचारलं.

"झटकला."

"कधी?"

"माल जायच्या आदल्या संध्याकाळी. तुम्ही चहा घेत होता."

"म्हणजे तुम्हाला तेव्हा कळलं होतं."

"हो."

"आणि मास्तरांनी विचारलं तेव्हा?"

"तेव्हाही कळलेलं होतं."

कडीकाका खिडकीबाहेर बघायला लागले. मास्तरांनी चष्मा घातला आणि पुन्हा काढला. ताई वाट बघत होत्या की ही आता ओरडेल. तिने ओरडायला हवं होतं, ताईंना बरं वाटलं असतं.

"मी डॉक्टरकडे गेले होते ताई," धाकटी म्हणाली. मग ती उठली, पिशवीतल्या वस्तू काढून खणात परत ठेवल्या, आणि नव्या मुलीला म्हणाली, "तू इथे बाजूला बस, बघून शिक. मशीन माझं आहे."

मास्तरांना काही बोलावं लागलं नाही. ताईंनी आपली कात्री तेल लावून फडक्यात गुंडाळली, त्यांच्या हातात दिली आणि कड्यांच्या बाकावर जाऊन बसल्या. कडीकाकांनी सरकून जागा केली. थोड्या वेळाने त्यांनी कड्यांचा डबा दोघांच्या मधे ठेवला, एवढंच.

नवा पट्टा मास्तरांनी कापला. बाण काढायला ते खडू उचलणार तोच धाकटीने तो त्यांच्या हातातून घेतला, तीनदा हात फिरवला आणि स्वतः काढला. घरी जाताना ती ताईंच्या चार पावलं पुढे चालली. स्वयंपाक झाला, जेवणं झाली. भांडी कुणाची पाळी ते तिने बोटावर मोजलं, स्वतःची निघाली तशी स्वतः घासली. ताई मदतीला उठल्या तेव्हा म्हणाली, "राहू दे. माझी आहेत." दिराने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि वर्तमानपत्र उघडलं. ताईंनी क्षमा मागायचं मनात आणलं होतं. पण मागितली तर ती द्यायचं ओझंही हिच्यावरच येईल, असं त्यांना वाटलं. त्या गप्प राहिल्या, आणि हे गप्प राहणं कुठलं आहे ते त्यांचं त्यांनाही नीट कळेना.

दुसऱ्या दिवशी त्या दिव्यासमोर बसल्या, पण मौन धरलं नाही. धाकटी उठली तेव्हा म्हणाल्या, "पाणी तापलंय." धाकटीने "हं" म्हटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पडदा शिवून झाला. धाकटी तो दोन्ही हातांवर घेऊन कड्यांच्या बाकापाशी आली आणि ताईंच्या पुढ्यात ठेवला.

"हात फिरवून बघा," ती म्हणाली. ताईंकडे बघत नव्हती.

ताईंनी तळहात पदराला पुसला. पहिल्या पट्ट्यापासून सुरुवात केली. एकेक पट्टा वरून खाली, सातव्यापर्यंत. सातही ठिकाणी हात अडला, जसा अडायला हवा होता.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

"नीट बघितलंत?"

"हो, बघितलं."

धाकटी हलली नाही. ती तशीच उभी राहिली, एका हाताने मखमलीचा काठ धरून.

ताईंनी मान खाली घातली, पडदा पुन्हा आपल्याकडे ओढला आणि पहिल्या पट्ट्यावर हात ठेवला.